शेजारची खुर्ची

आपल्याकडे आजारपण आणि आरोप या दोन गोष्टी सार्वजनिक मालकीच्या समजल्या जातात. कुणाला कावीळ झाल्याचं कळलं, की जिना चढून येणारा प्रत्येक माणूस एक औषध सांगून जातो. कुणावर बालंट आलं, की तोच माणूस तोच जिना चढून एक जबाब सांगून जातो. काविळीच्या रोग्याला निदान उसाचा रस तरी मिळतो. आरोप झालेल्याला रसही मिळत नाही, आणि घरात एवढी गर्दी जमलेली असूनही शेजारी बसायला माणूस काही मिळत नाही.

हे तत्त्वज्ञान मी उगाच पाजळत नाही. माझी भाची इंग्लंडात एम. एस्सी. करायला गेली, आणि पहिली टर्म संपते न संपते तोच एका शुक्रवारी संध्याकाळी तिला विद्यापीठाचं पत्र आलं. (अशी पत्रं शुक्रवारी संध्याकाळीच का सुटतात, हा खरं तर संशोधनाचा विषय आहे. पत्र वाचून ज्याला काही विचारावं तो माणूस सोमवारपर्यंत भेटू नये, एवढी तजवीज जगातल्या साऱ्या कचेऱ्या न चुकता करतात.) पत्रात 'अ‍ॅकॅडमिक मिसकंडक्ट' असे शब्द होते. आमच्या मेहुण्यांची सारी हयात सरकारी खात्यात गेलेली. त्यांनी जुन्या सवयीनं त्याचं तत्काळ 'शैक्षणिक गैरवर्तन' असं भाषांतर केलं. माझ्या बहिणीला त्यातलं फक्त 'गैरवर्तन' ऐकू आलं. ती मटकन सोफ्यावर बसली आणि क्षीण आवाजात म्हणाली, "मुलगा कुठला आहे?"

मुलगा नाही, निबंध आहे, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. तो तिथं जेमतेम दहा मिनिटं राहिला. कारण मेहुणे पुढचं वाचत होते. आरोप शाबीत झाला तर त्या निबंधाला शून्य मार्क देण्यापासून विद्यापीठातून नाव काढण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. नाव गेलं की व्हिसा गेला. व्हिसा गेला की मुलगी परत आली. परत येत नाही ते फक्त कर्ज. मी बँकेत 34 वर्षं काढली आहेत, त्यामुळे खात्रीनं सांगतो, या बाबतीत बँका फार स्थिरबुद्धीच्या असतात. राहता फ्लॅट तारण होता. बहीण पुन्हा सोफ्यावर बसली.

पत्रात आरोप दोन होते. तीन हजार शब्दांच्या निबंधातले दोन परिच्छेद एका सरकारी अहवालातून जसेच्या तसे उतरलेले आहेत आणि त्यांना अवतरणचिन्हं नाहीत, हा पहिला. आणि बाकीच्या निबंधाचं इंग्रजी इतकं गुळगुळीत आहे, की तो विद्यार्थिनीनं न लिहिता यंत्राकडून लिहून घेतला असावा, हा दुसरा. गुळगुळीत इंग्रजी लिहिल्याचा आरोप आमच्या घराण्यात आजवर कुणावरही झालेला नव्हता. क्षणभर मला थोडा अभिमानच वाटला.

लेखी उत्तराला सात दिवसांची मुदत होती. रविवारी दुपारपर्यंत तीन उत्तरं तयार झाली. पहिलं मेहुण्यांचं. त्यात 'सदरहू' हा शब्द इंग्रजीत आणण्याचा भगीरथ प्रयत्न होता आणि सर्व आरोप 'समूळ व साफ' नाकारलेले होते. दुसरं शेजारच्या नानांचं. नाना निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या मते माफी मागून मोकळं व्हावं हे उत्तम, म्हणून त्यांनी सर्व आरोप समूळ व साफ कबूल केले होते. तिसरं उत्तर बंगळूरच्या पुतण्याकडून आलं. ते फारच सुरेख होतं. इतकं सुरेख कसं जमलं असं विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, मशीनकडून लिहून घेतलं. दोन मिनिटं लागली."

म्हणजे पाहा. 'तू लिहिलेलं तुझं स्वतःचं नाही' असा मुलीवर आरोप. त्याचं खंडन करायला घरानं तिला तीन निबंध लिहून पाठवले, त्यांतला एकही तिचा नाही, आणि सर्वांत चांगला होता तो यंत्राचा!

मी त्या रात्री तिला फोन केला. पोरगी थकलेली वाटली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "मामा, तू पण विचारणार का?"

"काय?"

"'केलंस का?' म्हणून. सगळ्यांनी विचारून झालं. आईनं दोनदा विचारलं. एकदा रडून, एकदा रागावून."

खोटं कशाला बोलू, प्रश्न माझ्या जिभेवर होताच. तो गिळून मी विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"बिस्किटं."

फोन ठेवल्यावर मला प्रश्न पडला, की 'केलंस का?' हे विचारायला हरकत काय आहे? आपल्याच माणसानं विचारू नये तर कुणी विचारावं? प्रश्नात वावगं काही नाही. पण आरोप झालेल्या माणसाला तो प्रश्न तसा ऐकूच येत नाही. त्याला ऐकू येतं ते असं, की 'नाही' म्हटलंस तर आम्ही तुझे, आणि 'हो' म्हटलंस तर मग पाहू. बरं, 'हो' आणि 'नाही' यांच्या अधेमधे एक 'थोडंसं' नावाचं उत्तर असतं आणि जगातली बहुतेक खरी उत्तरं तीच असतात, हे घाबरलेल्या घराला सुचत नाही.

नानांना मात्र कसलीच अडचण नव्हती. "हे पाहा," ते मला गॅलरीतून म्हणाले, "ज्यानं केलं नाही त्याला भीती कसली? आणि ज्यानं केलं त्याला मदत कशाला?"

वाक्य बिनतोड होतं. नानांची वाक्यं बिनतोडच असतात. 36 वर्षं मुलांसमोर उभं राहून बोललं की वाक्याला तोड करणारा कुणी समोर उरत नाही. पण मला 1973 सालचा आमच्या कॉलेजातला एक मुलगा आठवला. बुककीपिंगच्या पेपरला त्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. चिठ्ठीवर डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला आकडे आणि खाली बेरीज. सुपरवायझरांनी ती पाहिली मात्र, त्यांचा चेहरा गुन्हा पकडल्याच्या आनंदानं फुलून आला. पेपर बुककीपिंगचा, चिठ्ठीत बेरीज, आणखी पुरावा कसला हवा? शब्द कुणी वाचले नाहीत. ते तूरडाळ, गोडं तेल, रॉकेल, वॉशिंग सोडा असे होते. वाण्याची यादी!

चौकशीच्या दिवशी मुलाबरोबर त्याचे वडील आले. पोस्टात सॉर्टर होते. यादी आपल्या बायकोच्या अक्षरातली आहे हे त्यांना लांबूनच दिसलं. पण त्या माणसानं मनात वेगळाच हिशेब केला. साहेबांशी वाद घातला तर वर्ष जाईल, हात जोडले तर सहा महिन्यांवर निभावेल. ते आत शिरले तेच हात जोडून. "चूक झाली साहेब. पोरगं आहे. पदरात घ्या." साहेबांनी घेतलं पदरात. तेवढा एक पेपर रद्द केला आणि सहा महिन्यांनी परत बसायला सांगितलं. मुलगा एक अक्षर बोलला नाही. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बापानं कबूल केलेला गुन्हा नाकारायचा म्हणजे बापाला चारचौघांत खोटं पाडायचं. बाहेर आल्यावर बापानं त्याच्या एक थोबाडीत दिली. "यादी वाण्याकडे द्यायची सोडून परीक्षेला कशाला नेलीस?"

मी नंतर पुष्कळ वेळा विचार केला. त्या बापाचं पोरावर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता बिचारा. पण त्या खोलीत मुलाच्या बाजूनं हजर असलेल्या एकुलत्या एका माणसानंच त्याचा गुन्हा कबूल करून टाकला होता.

कायदा तेव्हाही होता हो. उत्तर प्रदेशात 1954 साली इंटरमीजिएटला बसलेल्या मुलांचे निकाल बोर्डानं गैरप्रकारांवरून परस्पर रद्द केले होते. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1962 साली कोर्टानं सांगितलं, की शिक्षा देण्याआधी मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं. (1970 साली बिहारच्या एका प्रकरणात त्याच कोर्टानं असंही म्हटलं, की सबंध केंद्रच्या केंद्र बिघडलेलं असेल तर प्रत्येक मुलाला बोलावून विचारत बसायची गरज नाही. एकूण कॉपीतही एकट्यादुकट्यानं करण्याला मान आहे.) पण सॉर्टरसाहेबांना हे कोण सांगणार? त्यांच्या पोराच्या बाजूला सांगणारं कुणी नव्हतं, मुद्दा तोच आहे.

इंग्लंडात तर हा वाद तीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय, आणि तोही एका विद्यापीठावरच. रिचर्ड बेंटली नावाचे एक प्रकांड पंडित केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. भांडखोरपणातही प्रकांड. 1718 साली विद्यापीठानं त्यांचं म्हणणं न ऐकताच त्यांच्या पदव्या काढून घेतल्या. ते कोर्टात गेले. 1723 च्या त्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी थेट बायबलातला दाखला दिला. फळ कुणी खाल्लं हे देवाला ठाऊक होतं, तरी शिक्षा देण्याआधी त्यानं आदामाला हाक मारून त्याचं म्हणणं विचारलंच. बेंटलींना पदव्या परत मिळाल्या.

दाखला मोठा नामी आहे. पण आदामानं उत्तर काय दिलं, ते न्यायमूर्तींनी सांगितलं नाही. "हिनं दिलं म्हणून खाल्लं," असं म्हणून त्यानं सगळा दोष बायकोवर ढकलला! म्हणणं नुसतं विचारून भागत नाही, ते असं. एकटा, घाबरलेला माणूस म्हणणं मांडायला उभा राहिला की असलंच काहीतरी बोलून जातो. आदामाशेजारी कुणी शांत डोक्याचा माणूस असता तर हळूच म्हणाला असता, "बाबा रे, आधी विचारलंय काय ते नीट ऐक. तू खाल्लंस का, एवढंच विचारलंय."

असा शेजारी बसणारा माणूस बँकेत मी पाहिलेला आहे. आमच्याकडे एखाद्या कारकुनाला चार्जशीट मिळाली, की युनियनचा डिफेन्स रिप्रेझेंटेटिव्ह त्याच्याबरोबर खात्याच्या चौकशीला बसे. आमचे एक कॉम्रेड या कामात मुरलेले होते. चार्जशीटवाला रडत आला की त्याला चहा पाजायचे आणि म्हणायचे, "आधी कागद दाखव. आणि मी सांगेपर्यंत कुणाला काही लिहून देऊ नकोस." 45 वर्षांच्या, दोन पोरांच्या बापाला हा आधार. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला मात्र वाण्याची यादी आणि जोडलेले हात.

तर सोमवारी भाचीचा फोन आला. तिथल्या स्टुडंट्स युनियनचं एक सल्ला केंद्र असतं आणि ती तिथं जाऊन आली होती. 'युनियन' म्हटल्याबरोबर माझी बहीण दचकली. "म्हणजे आता संप करणार?" संप नाही. केंद्र विद्यापीठापासून वेगळं, सांगितलेलं बाहेर जात नाही, आणि फी नाही. फी नाही म्हटल्यावर आता मेहुणे दचकले. फुकट मिळणारा सल्ला म्हणजे आपण देतो तसा असणार, असं त्यांना वाटलं असावं.

तिथल्या बाईंनी तिला पहिल्यांदा काय विचारलं असेल? आमच्या कॉम्रेडनी विचारलं असतं तेच. पत्र दाखव. मुदत कधी संपते? मग म्हणाल्या, "तू मला सांगशील ते इथंच राहील. मात्र खोटं उत्तर लिहायला मी मदत करणार नाही." आणि त्यानंतर गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यात भाचीच्या तोंडून ते उत्तर आलं, जे तिला तीन दिवस कुणी देऊच दिलं नव्हतं. "थोडंसं."

झालं होतं असं. टिपणं काढताना अहवालातले दोन परिच्छेद तिनं वहीत उतरावेत तसे फाइलमध्ये उतरून घेतले. आठवड्यानं निबंध लिहायला बसली तेव्हा आपलं कुठलं नि अहवालाचं कुठलं, याचा मेळ राहिला नाही. अहवालाचं नाव शेवटच्या यादीत होतं, अवतरणचिन्हं नव्हती. आपल्याकडच्या यू. जी. सी.च्या 2018 च्या नियमांत सलग 14 शब्दांपर्यंतचं साम्य योगायोगाचं असेल तर सोडून देतात. भाचीचं साम्य होतं दीडशेच्या वर शब्दांचं. एवढा लांब योगायोग फक्त हिंदी सिनेमात चालतो. तेव्हा पहिला आरोप खरा होता. दुसरा साफ खोटा होता.

मेहुण्यांच्या उत्तरात खरा आरोप नाकारला गेला असता, नानांच्या उत्तरात खोटा कबूल झाला असता. बाईंनी दोन्ही वेगळे काढायला लावले. पहिल्याबद्दल जे झालं ते सरळ लिही, टिपणांची फाइल जोड. दुसऱ्यासाठी निबंधाचे आधीचे खर्डे काढ. संगणकातल्या फाइलीला आपला इतिहास आठवतो, हे मला तेव्हा कळलं. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं एक वाक्य लिहिलं होतं, खोडलं होतं, परत लिहिलं होतं, परत खोडलं होतं. नानांनी जन्मभर खाडाखोडीचे मार्क कापले. इथं खाडाखोड हाच पुरावा झाला. शिवाय बाईंनी तिला 2023 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांचे टोफेल परीक्षेचे 91 निबंध यंत्रलेखन ओळखणाऱ्या सात यंत्रांना दाखवले, तर सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी यंत्राचेच ठरवले. बिचाऱ्यांचं इंग्रजी साधं, ठरावीक शब्दांचं, म्हणून यंत्रांना ते घरचं वाटलं असावं. त्याच वर्षी जुलैत ओपनएआय या कंपनीनं तर आपलं स्वतःचं ओळखणारं यंत्र नीट ओळखत नाही म्हणून मागे घेतलं. उत्तर भाचीनं स्वतः लिहिलं. त्यात दोन व्याकरणाच्या चुका होत्या, त्या बाईंनी तशाच ठेवल्या.

हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ही मुलगी सरळ आहे, ठीक. पण असं शेजारी बसणारं माणूस सगळ्यांनाच मिळालं, तर लबाड पोरं शहाणी नाही का होणार?" होतील, काही होतील. एखादा विकत घेतलेला निबंध घेऊन येईल, बाईंना थाप मारील आणि सुटेलही. नानांच्या शंकेवर माझ्याजवळ तोड नाही. मी एवढंच म्हटलं, की आरोपाच्या दिवशी लबाड कोण नि वाण्याच्या यादीवाला कोण, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. खुर्ची ठेवायची तर दोघांसाठी ठेवावी लागते, नाही तर दोघांचीही काढून घ्यावी लागते. नाना म्हणाले, "हूं." नानांचं 'हूं' हे सहसा कुणाला मिळत नाही.

मग या सोबत्याचा शोध मी घेऊ लागलो. निवृत्त माणसाला दुसरं काय काम? विलायतेच्या कोर्टात अशा माणसाला 'मॅकेन्झी फ्रेंड' म्हणतात. मॅकेन्झी या गृहस्थाचा घटस्फोटाचा खटला चालू होता आणि त्याला वकील उरला नव्हता. इयन हँगर नावाचा एक तरुण ऑस्ट्रेलियन बॅरिस्टर त्याच्या शेजारी बसून हळूच कागद पुढे करू लागला, प्रश्न सुचवू लागला. न्यायाधीशांनी त्याला हटकलं. पुढे 1970 साली वरच्या कोर्टानं निकाल दिला, की हटकणं चुकलं, आणि खटला पुन्हा चालवायला लावला. गंमत अशी, की शेजारी बसला हँगर आणि नाव राहिलं मॅकेन्झीचं. शेजारी बसण्याचं काम नीट झालं की असंच होतं. महाभारतात अर्जुनानं मागितला तो हत्यार न उचलणारा सारथी. दुर्योधनाला सेना मिळाली आणि तो खूश झाला. आमच्या घरानं भाचीसाठी सेनाच काढली होती. शिवाय कर्णाशेजारी बसून त्याचाच तेजोभंग करणारे शल्यही प्रत्येक घरात एकदोन असतातच. नावं घेत नाही, भिंत पातळ आहे.

सुनावणी चाळीस मिनिटं चालली. समोर तीन प्राध्यापक, अलीकडे भाची, शेजारच्या खुर्चीत बाई. तिथल्या नियमाप्रमाणे प्रश्नांची उत्तरं मुलीनंच द्यायची होती. दुसऱ्या आरोपावर एका प्राध्यापकांनी तिला तिच्याच निबंधातला एक शब्द दाखवून अर्थ विचारला. शब्द रोजचा, पण तिला काही केल्या आठवेना. घसा दाटून आला. तेव्हा बाई पहिल्यांदा आणि शेवटच्या बोलल्या, "पाच मिनिटं थांबू या का? हिला पाणी हवंय." पाणी आलं. पाण्याबरोबर अर्थही आला.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. पहिला आरोप शाबीत. निबंध पुन्हा लिहायचा आणि कितीही चांगला लिहिला तरी पास होण्यापुरतेच मार्क मिळणार. दुसरा आरोप सोडून दिला. निकाल पटला नसता तर पुढे विद्यापीठात अपील होतं, आणि त्याच्याही पुढे इंग्लंड आणि वेल्ससाठी 2004 च्या कायद्यानं नेमलेलं तक्रारींचं वेगळं कार्यालय होतं. तिथंही विद्यार्थ्याला फी नसते. पण भाची म्हणाली, "मामा, निकाल बरोबर आहे. झालं तेवढंच धरलंय त्यांनी."

मेहुण्यांचं मात्र समाधान झालेलं नाही. "चाळीस मिनिटांत एक वाक्य!" ते अजूनही म्हणतात. "आणि तेसुद्धा पाण्याबद्दल! अशानं त्या बाईंचा उपयोग तरी काय झाला?" बहिणीनं त्यांना उत्तर दिलेलं नाही. तिनं एक किलो भाजणीच्या चकल्या केल्या आहेत, बाईंसाठी. भाचीनं कळवलं, की केंद्रातल्या लोकांना कुणाकडून भेट घेता येत नाही. त्यावर चकली ही भेट धरावी की फराळ, असा मुद्दा मेहुण्यांनी काढला असून, त्यांचं तीन पानी म्हणणं तयार आहे.